झाकणाच्या करंज्या

एडिथ हारवुड या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते विलायतेहून आलं तेव्हा मी शाळेतून नुकताच पेन्शनीत निघालो होतो. पाकिटावर ‘काळुराम खानसाम्याचे भाऊ, शाळामास्तर, कल्याण’ एवढाच पत्ता होता, तरी ते नीट माझ्या हातात पडलं. एवढ्या नीट पोचलेल्या पत्राला उत्तर देऊ नये याची लाज मला रोज वाटायची, आणि रोज मी एखादं पुस्तक उघडून बसायचो.

बाईंनी थोडंच लिहिलं होतं. आई फार थकली आहे, अन्न जात नाही. नाताळ जवळ आला की कल्याणच्या बंगल्यातले मिन्स पाय तिला आठवतात. इथल्या आचाऱ्याने पुस्तकात बघून कितीदा तरी केले, आई एक घास घेते आणि बशी सरकवते. ‘कालू काय करायचा?’ एवढंच विचारते. रविवारच्या करीचंही नाव काढते. तुमच्या घरात कुणाला ठाऊक असेल तर उपकार होतील.

कालू म्हणजे माझा थोरला भाऊ काळुराम. रेल्वेचे हारवुडसाहेब कल्याणला होते तेव्हा तो त्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. मिन्स पाय म्हणजे नाताळात साहेबलोक खातात ती मैद्याची वाटी. आत ब्रँडीत मुरवलेल्या मनुका, संत्र्याची साल, लवंग, जायफळ, आणि या सगळ्यात बारीक चिरलेली गाईची चरबी. वर मैद्याचंच झाकण. मी खाल्लेला नाही. पुस्तकात वाचला आहे.

त्यातला चरबी हा जिन्नस आमच्या घरात तीस वर्षं कुणी तोंडाने उच्चारला नव्हता.

तीस वर्षांपूर्वी जातीच्या पंचांनी काळूदादाला बोलावलं होतं. आम्ही खाडीवरची, आगरात मीठ पिकवणारी माणसं. आमच्यात शपथ घ्यायची तर पाटावर मूठभर मीठ ठेवतात आणि त्यावर हात ठेवायला सांगतात; याला ‘मीठ उचलणं’ म्हणतात. खोटं बोललं तर पुढच्या साली आगरात नुसता चिखल उरतो, असं मानतात. पंच म्हणाले, ‘मेमच्या नाताळात तू चरबीला हात लावला नाहीस, असं मिठावर हात ठेवून सांग.’ दादाने मिठाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी तिथेच दाराशी उभा होतो. सगळ्यांना जे वाटलं तेच मलाही वाटलं. त्याने दंड म्हणून सगळ्या जातीला जेवण घातलं, आम्ही पुन्हा पंगतीत आलो, आणि तो विषय संपला. म्हणजे घरात कुणी काढला नाही.

तेव्हा बाईंना उत्तर द्यायचं तर दादाच्या बायकोला, सखुवहिनीला, विचारायला हवं होतं. दादा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. विधवा बाईला ‘तुझा नवरा ती चरबी कशी शिजवायचा गं?’ असं विचारायचं? मला नाही जमलं. शिवाय माझं इंग्रजी. इंग्रजांनाच इंग्रजीत पत्र लिहायचं म्हणजे कोळणीला मासे विकायला जाण्यासारखं.

हे सगळं असंच राहिलं असतं, पण दिवाळीच्या तोंडावर धोंडीबा आला.

धोंडीबा ठाण्याच्या खाडीकडचा, जातीतला वजनदार माणूस. त्याच्या नातीला, शेवंतीला, दादाच्या नातवासाठी, उत्तमसाठी, मागणी घातली होती. सुपारी फोडायची म्हणून तो सकाळच्या गाडीने आला, ओटीवर बसला. धाकूने, म्हणजे दादाच्या मुलाने, स्वतः पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. धोंडीबाने तांब्या पाहिला आणि हात मांडीवरच ठेवले. घराचं पाणी न पिणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उत्तमला आगरावर पाठवलेलं होतं ते बरंच झालं.

“पोरगा चांगला हाय,” धोंडीबा म्हणाला. “आगर चांगला हाय. मना काय बोलायचं नाय. पन आमच्या बायका इचारतात, मास्तर, का कालूनं मीठ का नाय उचललं? मी त्यांना काय सांगू?”

मी घसा साफ केला. तेवढंच माझ्याकडून झालं.

“धोंडीमामा,” धाकू म्हणाला, “आता तीस वर्षांनी काय ते? बापानं दंड भरला ना? जेवण घातलं ना सगळ्या जातीला? तुमीच पहिल्या पंगतीला होतात.”

“व्हतो. मटन झ्याक झालेलं.” धोंडीबाने हे अगदी गंभीरपणे कबूल केलं. “पन दंड भरला म्हंजे केलेलं म्हनूनच भरला ना? न केल्याचा दंड कोन भरतो?”

धाकूच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते त्याने मला पुढे एकदा, आगराच्या बांधावर बसून सांगितलं. तो लहान असताना रविवारी बंगल्याच्या मागल्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. आत करी शिजायची. साहेबाची करी म्हणजे मटणाचा पातळ रस्सा, नारळाच्या दुधातला, तिखट बेताचं. मेमने विलायतेहून करीचा मसाला डब्यातून आणला होता. बाप म्हणायचा, तो मसाला नव्हे, रंगवलेली वाळू आहे. डबा फडताळावर मांडलेला असायचा आणि करीत जायचा तो आमच्या घरच्या पाट्यावर वाटलेला मसाला, मिरची निम्मी करून. साहेब बोटं चाटायचे आणि आलेल्या पाहुण्यांना तो डबा दाखवायचे.

बंगल्यातलं उरलंसुरलं बाप कधीच घरी आणत नसे. उलट संध्याकाळी घरी येऊन, अंघोळ करून, त्याच मसाल्याचं कालवण पुन्हा करायचा. मटण नसेल तर कोलंबीचं, तीही नसेल तर नुसत्या बटाट्याचं. धाकूला वाटायचं, आपण आणि साहेब एकाच पंगतीला जेवतो आहोत. थंडीच्या दिवसांत बापाच्या कोटाला लवंग, धूर आणि गोडसर दारूचा वास यायचा. धाकू त्या कोटात तोंड खुपसून झोपायचा. पंचांनी बोलावल्यानंतर तो कोट दिसेनासा झाला. कुठे गेला असं त्याने विचारलं नाही. आणि आता त्या वासात ती चरबीही होती की काय, हा प्रश्न पोराच्या लग्नाच्या दिवसांत पुढ्यात येऊन बसला होता.

आत स्वयंपाकघरात दिवाळीच्या करंज्या चालल्या होत्या. तिथे काय घडलं ते मला धाकूच्या बायकोने, कमळाबाईने, सांगितलं. तिच्या सांगण्यात मी फारशी भर घातलेली नाही. घातली असेल तर ती चुकीची असेल.

कमळा अर्धचंद्राच्या करंज्या कातत होती. सखुवहिनी बाजूला तिच्या वेगळ्या करत होत्या. दर दिवाळीला त्या अशा मोजक्याच करायच्या. गोल, वाटीएवढ्या, वर झाकण, झाकणाला तीन भोकं. सारणात ओलं खोबरं, गूळ, तूप, आणि इतर करंज्यांत आम्ही कधी घालत नाही त्या मनुका, वर लिंबाची किसलेली साल. पोरं त्यांना टोपीवाल्या म्हणायची. त्या तळायच्या नाहीत. पातेल्याच्या तळाला वाळू घालून, त्यावर ठेवून, वर-खाली निखारे घालून भाजायच्या.

कमळा सून होऊन आली तेव्हापासून विचारत होती, “सासूबाय, ही भोकं कनाला?”

“वाफ जायला.”

“मग साध्या करंजीला का नाय?”

“ती तलायची. भोक पारलं तर तेल आत जाईल ना, बाय माझे.”

“मग ही पण तलायची, म्हंजे भोक नको आणि निखारं पण नको!”

यावर सखुवहिनी हसायच्या आणि विषय बदलायच्या. त्या दिवशीही कमळाने विचारलं असतं, पण बाहेरून धोंडीबाचं वाक्य आत आलं. न केल्याचा दंड कोन भरतो.

सखुवहिनींचा हात झाकणावरच थांबला. मग त्या उठल्या. कोपऱ्यातल्या मडक्यात हात घालून मूठभर खडं मीठ काढलं.

“सासूबाय, कुठं?”

“तू निखारं बघ. करपतील.”

आणि पिठाचे हात, मुठीत मीठ, अशा त्या ओटीवर आल्या. आमच्या घरात बायका अशा बोलणीच्या वेळी ओटीवर येत नाहीत. धाकू उभाच राहिला. “आये, तू आत जा.”

“बस तू.” वहिनींनी मीठ धोंडीबापुढच्या पाटावर, तांब्याच्या शेजारी, ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. “कालूनं नाय उचललं. मी उचलते. इचार.”

धोंडीबा चपापला. “सखू, मी तुला कुठं इचारतो?”

“तुला नाय इचारायचं, तर मीच सांगते. चरबीचं पुरकं मुंबईवरना सकालच्या गारीनं यायचं, फडक्यात बांधून. तो बोटसुदा लावत नव्हता. काठीला अरकवून न्यायचा, इंजिनाच्या शेडमंदी. तिथं एक गोयचा फायरमन व्हता, त्याच्याकडं द्यायचा. तो ती इंजिनाला चोपरायचा.”

“इंजिनाला?”

“इंजिनाला तशी चरबीच लागते. इगतपुरीपावत धावली असंल मेमची नाताल.”

धाकू खाली बसला.

“आणि मेमच्या पायमधी काय जायचं?” धोंडीबाने विचारलं.

“माझ्या म्हशीचं तूप. माझ्या हातचं खोबरं. सारन हितं व्हायचं, या चुलीवर. मनुका आणि ती दारू तो तिकरं मिसलायचा. मेम बोलायची, हितली चरबी किती चांगली, जिभेवर बसत नाय. विलायतेची बसते.” वहिनींचा हात मिठावरच होता. “धा नाताला तिनं माझी करंजी खाल्ली.”

दारात कमळा येऊन उभी राहिली होती, हातात चिमटा.

“मग कालू तवा बोलला का नाय?” धोंडीबाचा आवाज खाली आला होता. “एवरं सोपं व्हतं. मीठ उचलायचं, सांगायचं, मोकलं व्हायचं.”

“काय सांगायचं? जिचं मीठ खाल्लं तिला फसवलं, असं मिठावरच हात ठेवून सांगायचं? पंचांत बोललेलं बंगल्यावर जायला किती येल लागतो रं? तो रातभर बसला व्हता, पंचांच्या आदल्या दिवशी. बोलला, सखू, जातीला जेवन घातलं का जात गप बसंल. मेमला कललं तर तिला आपल्या हातचा घास पुन्ना गोर लागायचा नाय. माझ्याकरनं वचन घेतलं. आता उत्तमचं हाय म्हनून मोरते. वरती गेल्यावर त्याचं मी बघून घेईन.”

दादा मिठासमोर मान खाली घालून उभा होता ते मला दिसत होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो आणि माझ्या सगळ्या वाचनाने मला एवढंही सुचवलं नव्हतं की माणूस खरा असूनही गप्प बसू शकतो.

धोंडीबाने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, टाळूवरून हात फिरवला. “म्हंजे आमी त्या दंडाचं जेवलो ते...”

“फुकट जेवलास,” वहिनी म्हणाल्या. “दोनदा मटन वारलं व्हतं मी तुला.”

आधी कमळाला हसू फुटलं, मग धाकूला, आणि शेवटी धोंडीबाच इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसका लागला तसा त्याचा हात आपोआप तांब्याकडे गेला. घटाघटा प्यायला. प्यायल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने तांब्या खाली ठेवला, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “बघता काय? सुपारी आना.”

सुपारी फुटली. धोंडीबाने जेवायला साहेबाची करी मागितली, आणि तीही मिरची निम्मी न करता. वहिनींनी स्वतः पाटा धुऊन घेतला. मी उठून माझ्या खोलीत सटकणार होतो, तेवढ्यात त्या माझ्याकडे वळल्या.

“भावजी, तुमच्याकरं तिचं पत्र हाय ना?”

मला वाटलं, मी ओटीवरून खाली पडेन. “तुला कुणी सांगितलं?”

“पोस्टमन काय आंधला हाय? राणीचं तिकीट बघून त्यानं मनाच पयलं इचारलं, कुनाचं म्हनून. दोन सालं झाली. मी वाट बघते, भावजी आज इचारतील, उद्या इचारतील. तुमी पुस्तकच वाचता.”

“मला वाटलं, तुला वाईट वाटेल.”

“इचारलं नाय त्याचं वाटलं,” वहिनी म्हणाल्या आणि मसाला वाटायला बसल्या.

जेवणं झाल्यावर मी दौत, टाक, कागद घेऊन ओटीवरच बसलो. आधी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, मराठी करून. ‘आई एक घास घेते आणि बशी सरकवते’ इथे वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. “तवा दोनदोन संपवायची,” त्या म्हणाल्या. “साहेबाला द्यायची नाय. कालू सांगायचा.”

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. खोबरं किती परतायचं, तर त्याला तुपाचा वास लागेपर्यंत. विलायतेत ओलं खोबरं कुठलं, म्हणून सुकं दुधात भिजवून. गुळाऐवजी त्यांची ती काळी साखर. जायफळ शेवटी, नाहीतर कडू होतं. करीसाठी धणे कोरडे भाजून. प्रत्येक शब्दाला माझं अडत होतं. ‘परतणे’ याला इंग्रजी काय, हे मला त्या दिवशीही कळलं नाही. मी ‘हळूहळू ढवळत भाजणे’ असं काहीतरी लिहिलं.

चरबीपाशी येऊन मी थांबलो.

“काका, ते नका लिहू,” धाकू म्हणाला. “म्हातारी बाई आहे, आजारी आहे. आता कशाला सांगायचं तिला, आमच्या बापानं तुला फसवलं? बापानं त्यासाठी एवढं सोसलं. तुम्ही एका ओळीत घालवाल.”

मला त्याचं पटलं. मला बहुतेक सगळ्यांचं पटतं. “नाहीतर असं लिहू की चरबी थोडी कमी घाला—”

“आणि मग?” कमळा दारातून म्हणाली. ती माझ्यासमोर सहसा बोलत नाही. “तिचा आचारी कमी घालंल, पन घालंलच ना? मग चव कशी येल? बाय परत बशी सरकवंल. एवरं लिवून उपेग काय?”

धोंडीबा सुपारी चघळत म्हणाला, “सून शहाणी हाय तुमची.”

धाकू आईकडे बघत होता. वहिनी म्हणाल्या, “तिचं मन दुखंल म्हनून तो गप राह्यला. आता ती उपाशी हाय. उपाशी मानसापुरं मन काय घेऊन बसायचं? लिवा, भावजी. चरबी नव्हती. कवाच नव्हती. आमच्या धर्मात ती चालत नाय, म्हनून तूप घातलं, आणि तुमाला सांगायची हिंमत झाली नाय. आणि लिवा, तूप घरच्या म्हशीचं व्हतं, इकतचं नाय.”

मी लिहिलं. त्या वाक्यानंतर क्षमा मागणारं आणखी एक वाक्य घालावं की नाही, यावर मी इतका वेळ टाक धरून बसलो की शाईचा एक ठिपका कागदावर पडला. वहिनी म्हणाल्या, ठिपक्यासकट जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोस्टाकडे निघालो. वहिनी या वयात एवढं चालत नाहीत, पण ऐकेनात. बाजारात दिवाळीचे कंदील टांगले होते, पणत्यांचे ढीग लागले होते. त्यांनी दोनदा विचारलं, नाताळच्या आत पोचेल ना, आणि मी दोनदा म्हटलं, बोट वेळेवर लागली तर पोचेल. ती बाई अजून आहे की नाही, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पोस्टात तिकीट लावून झालं. बाहेरच्या लाल पेटीपाशी मी उभा राहिलो आणि मला आठवलं की तुपाबद्दलच्या त्या वाक्यात मी क्रियापद एकवचनी घातलंय की अनेकवचनी, ते मी पाहिलेलंच नाही. एवढ्या महत्त्वाच्या वाक्यात चूक राहिली तर एडिथबाई काय म्हणतील? घरी नेऊन एकदा नीट लिहून काढावं, उद्याच्या टपालाने टाकावं, असं माझ्या मनात आलं. मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, कडेला नख लावून पाहिलं.

“काय झालं?”

“काही नाही. एकदा वाचून बघावं म्हणत होतो.”

सखुवहिनींनी माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं. वाचता येत नसूनही त्यांनी त्यावरच्या पत्त्यावरून एकदा अंगठा फिरवला, टाचा उंचावल्या, आणि ते पेटीत टाकलं.